सायकलचे भाडे

नाताळच्या सुटीत आमच्या धाकट्या भगिनीचा मुलगा अमेरिकेहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे आला होता. वय वर्षे एकोणीस. शिक्षण मिशिगन राज्यातील एका कॉलेजात. मराठी बोलतो, परंतु परक्या गावात पत्ता शोधावा तसा एकेक शब्द शोधत बोलतो. पहिले दोन दिवस काचीगुड्याच्या आमच्या घरी तो मुकाट्याने बसून होता. मुलगा प्रवासाने थकला असेल, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. तिसऱ्या दिवशी खरे कारण उलगडले. त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातील एका खेळाडूची कारकीर्द नुकतीच संपली होती आणि त्याचे दुःख हा मुलगा सात समुद्र ओलांडून आमच्या ओसरीपर्यंत घेऊन आला होता.

आम्ही म्हणालो, "अरे, फुटबॉल आम्हांलाही ठाऊक आहे. आमच्या हैदराबादेत तो पुष्कळ खेळला गेला आहे." त्यावर तो हसला. "मामा, तो फुटबॉल वेगळा. आमच्याकडे चेंडू हातात घेऊन पळतात." हातात घेऊन पळण्याच्या खेळाला पायाचे नाव कशासाठी, असा प्रश्न आमच्यातील मराठीच्या शिक्षकाने लगेच विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर काही त्याला देता आले नाही. मग त्याने मामींकडून मूठभर चिंचोके मागून घेतले आणि ओसरीच्या फरशीवर डाव मांडला. एका बाजूस अकरा चिंचोके, दुसऱ्या बाजूस अकरा. पैकी एक चिंचोका उचलून त्या जागी त्याने एक कवडी ठेवली. "ही कवडी म्हणजे क्वार्टरबॅक."

वाचकहो, त्या अर्ध्या तासात आम्हांस जे समजले ते थोडक्यात असे. मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू गोल नसून दोन्ही टोकांना निमुळता. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात निदान दहा यार्ड पुढे सरकले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू प्रथम येतो तो या कवडीच्या हाती. त्या क्षणी समोरचे धिप्पाड गडी तिला आडवे करण्यासाठी धावून येतात. तिच्या पुढ्यात पाचजण भिंतीसारखे उभे असतात खरे, परंतु ती भिंत फार तर तीन-चार सेकंद टिकते. तेवढ्या अवधीत कवडीने साऱ्या मैदानावर नजर फिरवायची, कोणता सहकारी मोकळा आहे हे हेरायचे, आणि चेंडू त्याच्याकडे फेकायचा, शेजारच्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे ठरवायचे. निर्णय अचूक ठरला तर जयजयकार साऱ्या संघाचा. चुकला तर दोष बहुधा एकट्या कवडीचा.

आम्ही म्हणालो, "म्हणजे हा तुमचा मुख्याध्यापकच की!" मुलगा मनापासून हसला. आल्यापासून प्रथमच.

पुढे त्याने जे सांगितले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. कॉलेजातील अशा खेळाडूच्या वाट्याला साधारणतः चार हंगाम येतात. त्यातील पहिली एक-दोन वर्षे तो मैदानाच्या कडेला बाकावर बसून वरिष्ठांचा खेळ पाहण्यातच घालवतो. कारण संघात ही जागा एकच. दुसरा कोणी जायबंदी झाला किंवा पदवी घेऊन बाहेर पडला, तरच याला संधी. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात. त्यांच्यासमोर वीस वर्षांचा मुलगा एका शनिवारी देव होतो आणि पुढच्या शनिवारी टाकून दिलेल्या निर्माल्यासारखा होतो. कॉलेज संपल्यावर धंदेवाईक संघ बत्तीस. वर्षाकाठी ते सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या आसपास नवे खेळाडू निवडतात, आणि त्यांत क्वार्टरबॅक अगदी मोजके. टॉम ब्रॅडी हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. मिशिगन विद्यापीठात तोही आधी बाकावरच बसलेला होता. २००० सालच्या निवडीत सहाव्या फेरीपर्यंत कोणी त्याचे नाव घेतले नाही; त्याचा क्रमांक लागला एकशे नव्व्याण्णवावा. पुढे त्याने त्या खेळातील सर्वोच्च विजेतेपद सात वेळा मिळवले. परंतु अशी उदाहरणे सांगण्यापुरतीच असतात. बहुतेकांचा खेळ पदवीदानाच्या दिवशीच संपतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आहे. त्यापूर्वी हाती उरत असे ती शिष्यवृत्तीवर मिळालेली पदवी आणि दुखरे गुडघे.

भाच्याच्या कॉलेजातील त्या खेळाडूचे असेच झाले. दोन वर्षे बाकावर, एक वर्ष मैदानावर, मग खांद्याची दुखापत आणि शेवट. "मामा, आता त्याला कोण विचारणार? सहा महिन्यांत सगळे विसरतील." आणि थोडे थांबून त्याने विचारले, "तुमच्या हैदराबादला असा कोणी होता का? जो सगळं मैदान बघायचा?"

प्रश्न साधा होता. होता, असे उत्तर आम्ही तत्काळ दिले. परंतु त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आमच्या ध्यानात आले की, हे उत्तर आम्ही आमच्या शाळेतील एकाही विद्यार्थ्यास आजवर दिलेले नाही. म्हणून भाच्यास जे सांगितले ते येथे लिहून काढीत आहोत.

गोष्टीचा आरंभ एका शिक्षकापासून होतो. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. विद्यार्थिदशेत ते विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून फुटबॉल खेळले. उपजीविकेसाठी त्यांनी शाळामास्तरकी पत्करली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल या शाळांतून त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन पुढे शाळेतील खेळांचा भारही सांभाळला. काचीगुडा आणि चादरघाट! सुलतान बाजारातील विवेकवर्धिनीत किंवा मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणाऱ्या आपल्या लोकांच्या रोजच्या वाटेवरची ही नावे. याच गल्ल्यांतून खांद्यावर उपरणे टाकून आपले वाडवडील भजनास जात होते, आणि त्याच सुमारास शेजारच्या शाळेत भारताचा सर्वश्रेष्ठ फुटबॉल-गुरू फळ्यावर खडूने लिहीत होता. आपल्या घरांतून तालमीला मान होता, लेझमीला होता, मुलांच्या हुतूतूलाही होता. फुटबॉल मात्र पोलिसांचा आणि पलटणीचा खेळ, अशी समजूत होती. आमचे तीर्थरूप सांगत की, त्यांनी रहीमसाहेबांना अनेकदा रस्त्याने जाताना पाहिले, परंतु फतेहमैदानावर त्यांच्या मुलांचा खेळ पाहण्यास ते एकदाही गेले नाहीत. उत्तरायुष्यात त्यांना याची रुखरुख लागून राहिली होती.

१९४३ साली रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले, आणि १९५० साली हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याच साली या संघाने ड्युरँड चषक जिंकला. मुंबईचा रोव्हर्स चषक तर १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे त्यांनी हैदराबादेस आणला. पुढे ते भारताच्या संघाचेही शिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले, तो संघ त्यांच्याच हाताखालचा.

आम्हांस त्यांच्या चषकांहून त्यांची शिकवण्याची रीत अधिक मोलाची वाटते. त्यांनी काही स्पर्धा मुद्दाम अशा भरवल्या की, त्यांत चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू आला की दुसऱ्यास द्यायचा. काही स्पर्धांत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरायचा. वर्गात शिकवणाऱ्यास यातील मर्म लगेच कळेल. हुशार मुलाला एकट्यानेच उत्तर देण्याची खोड असते, आणि ज्या विषयात आपण कच्चे आहोत तो विषय प्रत्येक मूल टाळत असते. या दोन्ही खोडींवर रहीमसाहेबांनी उपदेशाचा एक शब्दही न बोलता उपाय योजला होता. त्यांनी नुसते खेळाचे नियम बदलले. ज्याला चेंडू दुसऱ्यास द्यायचाच आहे, त्याला मान वर करून कोण कोठे उभा आहे हे पाहावेच लागते. साऱ्या मैदानावर नजर ठेवणारा खेळाडू जन्मतःच तसा असतो की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु तो घडवता येतो, एवढे मात्र या शिक्षकाने दाखवून दिले.

असा एक खेळाडू त्यांना मिळाला. तुलसीदास बलराम. जन्म १९३६ चा, सिकंदराबादेच्या छावणीलगत असलेल्या अम्मुगुडा येथला. घर तमिळ आणि परिस्थिती गरिबीची. बूट विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून पोलिसांच्या जुन्या बुटांपासून चांभाराकडून त्याने आपले पहिले फुटबॉलचे बूट करवून घेतले, असे सांगतात. स्थानिक सामन्यांतून खेळणाऱ्या या पोरावर रहीमसाहेबांची नजर गेली. हैदराबादच्या संघाच्या सरावास ये, असे त्यांनी सुचवले. मुलाने आपली अडचण सांगितली. सिकंदराबादेच्या त्या टोकापासून हैदराबादच्या मैदानापर्यंत रोज यायचे तर पैसे कोठून आणायचे? रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीपुरते पैसे दिले. बलराम यांच्या आयुष्याची हकीकत जेथे जेथे निघते तेथे ही आठवण सांगितली जाते. भारताच्या फुटबॉलमधील एक थोर कारकीर्द सुरू झाली ती सायकलच्या भाड्यावर, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर सारे फार वेगाने घडले. १९५६-५७ साली हैदराबादने संतोष चषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकला. दोन्ही वेळी बलराम संघात होते. १९५६ सालीच, वयाच्या विसाव्या वर्षी, ते मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेले. म्हणजे भाच्याच्या कॉलेजातील खेळाडू ज्या वयात बाकावर बसलेला होता, त्या वयात हा मुलगा जगापुढे उभा होता. त्या स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे युगोस्लाव्हियाकडून हार झाली, आणि भारताचा क्रमांक चौथा लागला. चारच वर्षांपूर्वी, हेलसिंकीला, याच युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले होते, आणि आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. चार वर्षांत केवढे अंतर तोडले गेले, हे यावरून ध्यानात यावे.

१९५७ साली बलराम कलकत्त्यास ईस्ट बेंगॉल क्लबात गेले. १९६१ साली ते त्या क्लबाचे कप्तान होते, आणि कलकत्ता लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक गोल, म्हणजे २३, त्यांच्याच नावावर होते. मधल्या काळात १९६० चे रोम ऑलिंपिक झाले. तेथे भारताचा गट मोठा अवघड होता. हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीने आपल्याला दोन विरुद्ध एक असे हरवले. आपला तो एक गोल बलरामांचा. फ्रान्सशी बरोबरी झाली. पेरूविरुद्ध आपण हरलो, तरी आपला एकमेव गोल याही वेळी बलरामांचाच. ज्या हंगेरीला आपण एका गोलाच्या फरकापर्यंत झुंजवले, त्याच हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक घेतले.

मग १९६२ चे जकार्ता. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट तेव्हा भरात होते. त्या स्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्याविरुद्ध एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने आवाज उठवल्यामुळे तेथील जनता भारतावर संतापलेली होती. आपला संघ मैदानात उतरला की लाखभर प्रेक्षक हुर्यो उडवीत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला हरवले. पुढे थायलंड आणि जपान यांना हरवून आपण सावरलो. जपानविरुद्ध बलरामांचाही गोल होता. जर्नैलसिंग हा बचावातला गडी. डोक्याला मार लागून टाके पडले होते, तरी रहीमसाहेबांनी त्याला आघाडीस खेळवले, आणि त्याने उपान्त्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केला. ४ सप्टेंबर रोजी त्याच दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. त्यानंतर आजतागायत आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्याकडे आलेले नाही.

या साऱ्या संघात बलराम यांचे स्थान कोणते? भाच्याने हाच प्रश्न केला. "मामा, ते नेमके कुठे खेळायचे?" याचे खरे उत्तर असे की, संघाला गरज असेल तेथे. कधी मध्यावर, कधी डाव्या बगलेला. गोलही करीत, आणि मागे येऊन प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेऊन सहकाऱ्याच्या पायाशी नेमका पोहोचवीतही. अशा खेळाडूचे मोल गोलांच्या कोष्टकात पुरते उतरत नाही. भाचा म्हणाला, "म्हणजे कवडीच!" आम्ही म्हणालो, "होय. पण तुमच्या कवडीच्या पुढ्यात पाचजणांची भिंत असते. हिच्या पुढ्यात कोणी नव्हते."

ही भिंत नसण्याचे प्रत्यंतर लवकरच आले. १९६३ साल उजाडले. जकार्त्याचा विजय मिळवला तेव्हाच रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षी बलरामांना फुफ्फुसाच्या आवरणाचा विकार, ज्यास डॉक्टर प्लूरसी म्हणतात, जडला, आणि खेळणे सोडावे लागले. तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस. ज्या वयात खेळाडू खऱ्या अर्थाने परिपक्व होतो, त्या वयात त्यांनी बूट खुंटीला टांगले. पहिल्या ऑलिंपिकपासून मोजले तर अवघी सात वर्षे.

त्यानंतर ते आणखी साठ वर्षे जगले. हे वाक्य, वाचकहो, आम्ही मुद्दाम सुटे लिहिले आहे. सात वर्षे खेळ, आणि साठ वर्षे खेळानंतरचे आयुष्य. अविवाहित राहिलेले बलराम हुगळीच्या काठी उत्तरपाडा येथे स्थायिक झाले. १९६२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळालेला होता. पुढे त्यांच्या दोघा सोबत्यांना, चुनी गोस्वामींना १९८३ साली आणि पी. के. बॅनर्जींना १९९० साली, पद्मश्री मिळाली. बलरामांच्या वाट्यास ती हयातीत आली नाही, आणि या उपेक्षेचा सल त्यांनी लपवला नाही. २०२० साली ते दोघे सोबती एकामागून एक गेले. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी कलकत्त्यात बलरामही गेले. आमच्या शिक्षक-खोलीत त्या दिवशी वर्तमानपत्र आले होते. ते हातोहात फिरले. परंतु अम्मुगुड्याचा हा पुत्र आपल्या शहराचा होता, असे कोणी बोलले नाही. 'कोणी' या शब्दात आम्हीही आलो. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, रहीमसाहेबांवरील 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, आणि मग शाळेत सर्वांना ते आठवले. सिनेमाने जे आठवून दिले ते आठवून देणे वास्तविक आमचे काम होते.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. आता थोडे स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे; एरवी हा लेख म्हणजे नुसते पुण्यस्मरण ठरेल.

सुमारे सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नुकतेच एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झालो होतो. नववीत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. अभ्यासात बेताचा. परंतु दुपारच्या सुटीत मैदानावर त्याच्या पायाशी चेंडू आला की, वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्यालाही दोन क्षण थांबावेसे वाटे. तो स्वतः फारसा पळत नसे. इतरांना पळवीत असे. शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, त्यामुळे त्याला हेरणारे कोणी नव्हते. एके दिवशी तो कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. जिल्ह्याच्या शालेय संघाची निवड दुसऱ्या दिवशी होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला एक दिवसाची रजा हवी होती, आणि आमची एक सही. चाचरत त्याने हेही सांगितले की, दोन वेळा बस बदलावी लागेल आणि घरी पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती. आम्ही त्याला उभ्या उभ्या दहा मिनिटे सुनावले. पोट शिक्षणाने भरते, चेंडूने नव्हे, असे काहीसे आम्ही बोललो. इतकेच नव्हे तर त्याच्या वडिलांना बोलावून त्यांनाही तेच सांगितले. मुलाने चाचणी दिली. नऊ गुण मिळाले. त्यानंतर मैदानावर तो क्वचितच दिसला. दहावीनंतर शाळाही सुटली.

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या दिवसांत, एक गृहस्थ आपल्या लहान मुलास घेऊन प्रवेशासाठी कचेरीत आले. टॅक्सी चालवतात. आम्ही ओळखले नाही, त्यांनी ओळखले. बोलता बोलता आम्हांलाही सारे आठवले, आणि त्या दिवसाविषयी आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्यावर तो म्हणाला, "आप तो मेरे भले के वास्तेच बोले ना सर." त्याच्या आवाजात राग नव्हता, उपरोधही नव्हता. तेच आम्हांस अधिक लागले. अर्ज भरून झाल्यावर जाता जाता तो दारात थांबला आणि त्याने विचारले, "ग्राउंड है ना सर, अब भी?"

मैदान आहे, परंतु अर्धेच. एका अंगास नव्या खोल्या उठल्या आहेत. दुसऱ्या अंगास आम्हा शिक्षकांच्या गाड्या उभ्या राहतात. आम्ही "है" एवढेच म्हणालो.

तो मुलगा बलराम झाला असता, असा आमचा दावा मुळीच नाही. बहुधा झाला नसता. शंभरात नव्व्याण्णव होत नाहीत. अमेरिकेत लाखभर प्रेक्षकांपुढे खेळणारे बहुतेक होत नाहीत, तेथे आमच्या शाळेचे काय! परंतु हाच तर मुद्दा आहे. रहीमसाहेबांनी सायकलचे भाडे दिले तेव्हा समोरचा पोरगा ऑलिंपिकला जाणार, हे त्यांना थोडेच ठाऊक होते? त्यांनी दिले ते पदकासाठी नव्हे. मुलाच्या अंगी गुण दिसला आणि वाटेत अडचण दिसली, म्हणून दिले. शिक्षकाचे काम एवढेच. पुढचा हिशेब काळ करीत असतो. आणि ते देणारा माणूस शिक्षणाचा वैरी नव्हता. तो स्वतः पदवीधर होता, शाळामास्तर होता. खेळ की पुस्तक, असा झगडा त्याने कधी लावला नाही. तो झगडा आमच्या डोक्यात होता.

हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी. वाट उघडून देणारा एखादा रहीम भेटतो. परंतु खेळ संपल्यावर उरलेली साठ वर्षे कोणा एका शिक्षकाने पेलण्यासारखी नसतात. ती समाजाने पेलायची असतात. पैशानेच पेलावी असे नाही. नाव लक्षात ठेवावे, शाळेच्या भिंतीवर एक तसबीर लावावी, समारंभाला बोलावून दोन शब्द ऐकावेत. बलरामांच्या बाबतीत हैदराबादकरांना यासाठी साठ वर्षे मिळाली होती. फतेहमैदानाला १९६७ साली लालबहादूर स्टेडियम हे नाव मिळाले. १९६५-६६ साली आंध्र प्रदेशाने संतोष चषक जिंकला, आणि तो नंतर येथे परतला नाही. २०२२ साली हैदराबादचे नाव लावणाऱ्या धंदेवाईक संघाने गोव्यात इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले, तेव्हा आम्हांसही आनंद झाला. परंतु चषक विकत घेतलेल्या खेळाडूंकडूनही येऊ शकतो. गल्लीतला पोरगा मैदानापर्यंत येण्यास मात्र कोणीतरी भाडे द्यावे लागते.

भाचा परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला स्कूटरवर बसवून शाळेत नेले. सुटी असल्यामुळे आवार रिकामे होते. अर्धे मैदान पाहून तो म्हणाला, "मामा, इथे शंभर यार्ड नाही निघणार." आम्ही म्हणालो, "दहा निघाले तरी पुरे. चार प्रयत्नांत दहाच लागतात ना?"

संक्रांतीनंतर शाळा पुन्हा भरली, तेव्हा आम्ही तीन गोष्टी केल्या. त्या येथे नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी जाब विचारू शकेल. शिक्षकांच्या गाड्या आता फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. कुरकुर पुष्कळ झाली. कचेरीच्या बाहेरील भिंतीवर रहीमसाहेब आणि बलराम यांच्या तसबिरी लागल्या, खाली तीन भाषांत दोन-दोन ओळींची माहिती. आणि आमच्या मेजाच्या उजव्या खणात एक पाकीट ठेवले आहे. त्यात फार रक्कम नाही. पाकिटावर काय लिहावे याचा विचार करीत होतो. शेवटी 'सायकलचे भाडे' एवढेच लिहिले.

त्या टॅक्सीवाल्याचा मुलगा पहिलीत आहे. चेंडू त्याला आवडतो की नाही, हे अद्याप कळलेले नाही. कळेपर्यंत मैदान राखून ठेवणे, एवढे तरी आमच्या हाती आहे.